बॅच नंबर हातात घेऊन नेटवर जा

बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: "काका, आमचे सर म्हणतात, फार्मासिस्टला लागतं ते सगळं आता नेटवर आहे. बाबांचं मेडिकल आहे, ते म्हणतात, नेटनेच आपला धंदा बसवला. पुढे दुकान सांभाळायचं की एम.फार्म. करून संशोधनाकडे वळायचं, माझं ठरत नाहीये. दोन्हीकडे इंटरनेटचा खरा उपयोग काय होतो?"

मी दोन्हीकडे राबलोय. आधी वाळूजच्या एका औषध कारखान्यात फॉर्म्युलेशनला, म्हणजे गोळ्या-सिरप घडवायच्या विभागात, दहा वर्षं, मग कराडला स्वतःचं मेडिकल, त्याला आता सव्वीस वर्षं होत आली. त्यामुळे उत्तर लांबेल. चहा घेऊन बस.

५ ऑक्टोबर २०२५. रविवार होता. रविवारी आम्ही दुपारी शटर अर्धं ओढून आत एक्सपायरीचा माल वेगळा काढत बसतो. तेवढ्यात केमिस्टांच्या ग्रुपवर एफडीएचं पत्रक आलं. (एफडीए म्हणजे आपलं, महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन. अमेरिकेचीही एफडीएच, ती पुढे येणार आहे, गल्लत करू नकोस.) पत्रकात कोल्ड्रिफ नावाचं सिरप, बॅच एसआर-१३, उत्पादन मे २०२५, मुदत एप्रिल २०२७. असा माल असेल तर विक्री आणि वापर ताबडतोब थांबवा, आम्हाला कळवा, खाली टोल फ्री नंबर. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावत होती, बरीच नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होती. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं होतं. मान्य मर्यादा ०.१ टक्के.

मी बिलिंगच्या सॉफ्टवेअरला नाव टाकलं. साठा शून्य, खरेदीही कधी नाही. तरी उठलो आणि सिरपचं रॅक हाताने पाहिलं. सॉफ्टवेअरमध्ये नसलेली बाटली रॅकवर असू शकते. गिऱ्हाईक समोर उभं असताना शेजारच्या दुकानातून उसनी आणलेली, कंपनीच्या एमआरने, म्हणजे प्रतिनिधीने, ठेवलेली, कुणी परत केलेली. तुझ्या बाबांना विचार, ते हसतील, पण नाही म्हणणार नाहीत.

सोमवारी सकाळी एक बाई अर्धी बाटली घेऊन आल्या. सिरप दुसरंच, कंपनीही दुसरी. त्यांच्या फोनवर एक व्हिडिओ होता, त्यात सगळीच खोकल्याची औषधं विषारी ठरवून टाकली होती. मी एफडीएचं पत्रक मोठं करून दाखवलं, त्यांच्या बाटलीवरचा बॅच नंबर वाचून दाखवला, हे ते नव्हे म्हटलं. त्या निघाल्या आणि मला राहवेना म्हणून विचारलं, "कुणाला देताय?" तर धाकट्याला, वय अडीच वर्षं. बाटली थोरल्याची, पावसाळ्यात आणलेली. त्यात क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन होतं. हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापायला औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. बाटलीवर ते बारीक अक्षरांत होतंही. व्हिडिओने त्यांना भलत्याच गोष्टीची भीती घातली होती आणि खरी भीतीची गोष्ट त्यांच्या हातातच होती.

आता चाळीस वर्षं मागे जा. १९८६ मध्ये मी बी.फार्मच्या पहिल्या वर्षाला होतो. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण गेले. त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीच्या बातम्या आम्ही हॉस्टेलवर पेपरात वाचायचो. त्या वेळी तोच माल एखाद्या तालुक्याच्या गावी पोचला असता, तर दुकानदाराला कळलं कसं असतं? इन्स्पेक्टर येईल तेव्हा, नाहीतर पोस्टाने पत्र येईल तेव्हा. २०२५ मध्ये मला रविवारी, बॅच नंबरासकट कळलं. पण नेटने मुलं वाचवली असं मी म्हणणार नाही. वीसहून अधिक मुलं गेली. तपासणी कारखान्यातून माल बाहेर पडण्याआधी व्हायला हवी होती, आणि ते काम नेटचं नाही. नेटने एवढंच केलं की पुढची बाटली विकली जायच्या आत दुकानदाराच्या हातात कागद पडला.

तुझ्या सरांच्या 'सगळं नेटवर आहे' या वाक्यात मला खटकतं ते हे. नेटवर शोधायला गेलीस तर व्हिडिओ सापडतो. ताडायला गेलीस तर कागद सापडतो. ताडायचं म्हणजे हातात एक नेमकी वस्तू हवी: बॅच नंबर, औषधाचं मूळ नाव, मात्रा, तारीख. ते घेऊन मूळ कागदापर्यंत जायचं. दुकानात काय आणि प्रयोगशाळेत काय, माझा सगळा अनुभव या एका सवयीत येतो.

दुकानापासून सुरू करतो.

सीडीएससीओच्या, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेच्या, संकेतस्थळावर दर महिन्याला दर्जाहीन औषधांची यादी लागते. आपण तिला 'एनएसक्यू' म्हणतो. औषध, बॅच, उत्पादन आणि मुदतीच्या तारखा, कंपनी, नमुना कशात नापास झाला, सगळं असतं. ही यादी वाचायला शिकावी लागते. वर्तमानपत्रात मथळा येतो, 'पॅरासिटामॉल निकृष्ट', आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर माणसं स्ट्रिपा परत घेऊन उभी. यादी उघडलीस तर दिसतं की एका कंपनीची एक बॅच विरघळण्याच्या चाचणीत नापास आहे. बाकीच्या बॅचेसबद्दल यादी काहीच म्हणत नाही. नापास झाल्याचं कारण नीट बघायचं. 'वर्णन' म्हणजे गोळीचा रंग-रूप बिघडलेला, 'असे' (इंग्रजी assay) म्हणजे औषधाचं प्रमाणच कमी-जास्त, 'डिझोल्यूशन' म्हणजे प्रमाण असेलही पण गोळी वेळेत सोडत नाही. बनावट माल ही वेगळीच भानगड. तिथे बऱ्याचदा कंपनी म्हणते की ही बॅच आमची नाहीच. नापास झालेलं मल्टिव्हिटॅमिन आणि नापास झालेलं मिरगीचं औषध, दोन्ही यादीत एकाच रांगेत बसतात, पण पेशंटला फोन कुणाच्या बाबतीत करायचा हे तुला कळायला हवं.

मी पंधरा-वीस मिनिटं घालवतो महिन्याला. यादी उघडतो, आपल्याकडच्या कंपन्या बघतो, बॅच ताडतो. सव्वीस वर्षांत चार वेळा आपल्याच रॅकवरची बॅच यादीत सापडली. त्यातल्या एकदा स्टॉकिस्टला फोन केला तर तो म्हणाला, "कुठली यादी?" असो.

१ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे खपाऊ ब्रँडांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचं मूळ नाव, ब्रँड, कंपनीचा पत्ता, बॅच, दोन्ही तारखा, परवाना क्रमांक असायला हवा. पेशंटला वाटतं, स्कॅन झालं म्हणजे औषध खरं. तसं नाही. कोडचाही फोटो काढून छापता येतो. स्कॅन केल्यावर येणारी बॅच आणि स्ट्रिपवर ठोकलेली बॅच एकच आहे का, हे बघायचं. परत ताडणंच आलं.

किमतीचं पटकन सांगतो. एनपीपीए ही औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या 'फार्मा सही दाम' या अॅपवर कमाल किमती दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ ला बऱ्याच औषधांचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा रॅकवर जुन्या छापील किमतीचा माल होता आणि कंपन्यांच्या सुधारित याद्या नेटवर. दोन दिवस काउंटरवर नुसता वाद. ज्यांनी याद्या उतरवून ठेवल्या होत्या, त्यांचा आवाज चढला नाही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि आपले नव्वद टक्के दुकानदार जे करत नाहीत ते. (नव्वद हा माझा अंदाज, आमच्या तालुक्यापुरता.) नेटवरून घ्यायचं तसं नेटवर द्यायचंही असतं.

औषधांचे दुष्परिणाम नोंदवायचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, २०११ पासून तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. नोंद फोनवरून करता येते, १८००-१८०-३०२४. नेटवरून करता येते, अॅपवरून करता येते. ती स्वीडनमधल्या उप्सालाच्या केंद्रात, जगभरातल्या नोंदींच्या साठ्यात जाते. आपण कॉलेजात हे परीक्षेपुरतं पाठ करतो आणि विसरतो. मीही विसरलो होतो.

मग ३० नोव्हेंबर २०२३ चा इशारा आला. मेफेनॅमिक अॅसिड, म्हणजे पाळीच्या दुखण्यावर मुली जी गोळी चिठ्ठीशिवाय मागायला येतात ती. कमिशनने नोंदींचं प्राथमिक विश्लेषण करून सांगितलं की या गोळीने 'ड्रेस सिंड्रोम' होऊ शकतो, लक्ष ठेवा. ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं, यकृत-मूत्रपिंडासारख्या अवयवांना इजा होणं, आणि हे सगळं गोळी घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी. ही आठवड्यांची गोष्ट लक्षात ठेव. महिन्यापूर्वी घेतलेल्या गोळीचा आणि आजच्या पुरळाचा संबंध डॉक्टरांना पेशंट सांगत नाही, कारण पेशंटलाच तो वाटत नाही. तो फक्त ज्याने गोळी दिली त्याच्या डोक्यात जुळू शकतो.

व्हॉट्सअॅपवर अर्थातच 'मेफ्टाल (याच गोळीचा एक ब्रँड) बंद झाली' असं फिरलं. मी इशाऱ्याचा मूळ कागद उतरवला, एक पान आहे, त्यात बंदी हा शब्द कुठेच नाही. ते पान काउंटरच्या काचेखाली लावलं. तिसऱ्या आठवड्यात एक माणूस मुलीच्या पुरळासाठी कॅलामाइन मागायला आला. एरवी बाटली देऊन सुट्टे पैसे परत केले असते. काचेखालचं पान समोर होतं म्हणून विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत काही गोळ्या? ताप आहे का?" ताप होता. गोळी मात्र मेफेनॅमिक नव्हती, फिटसाठी नवीन सुरू केलेली कार्बामाझेपिन होती, आणि तिनेही हेच होऊ शकतं. कॅलामाइन दिलं नाही. त्याच पावली डॉक्टरांकडे पाठवलं, तिला दाखल करावं लागलं, बरी झाली. त्या रात्री मी आयुष्यातली पहिली नोंद केली. पेशंटची आद्याक्षरं आणि वय, काय झालं, कुठल्या औषधाचा संशय, नोंदवणारा कोण. या चार गोष्टी असल्या की नोंद धरली जाते. सात-आठ मिनिटं लागली. औषधानेच झालं हे सिद्ध करायची जबाबदारी आपली नसते, संशय पुरतो, पेशंटचं नाव गुप्त राहतं, कोर्टकचेरी मागे लागत नाही.

तो मेफेनॅमिकचा इशारा आकाशातून पडला नव्हता. कुणीतरी अशाच नोंदी केल्या होत्या. गावागावांतल्या काउंटरवरून त्या गेल्या तर चित्र केवढं भरेल याचा विचार तूच कर. दुकान सांभाळलंस तरी तू संशोधनाबाहेर जात नाहीस, हे मला तुला या निमित्ताने सांगायचं होतं.

रोजच्या प्रश्नांसाठी मी दोन-तीन जागा पक्क्या ठेवल्या आहेत. त्यातली एक लॅक्टमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची, फुकट, अंगावर पाजणाऱ्या आईला कुठलं औषध चालतं एवढ्यावरच. बाळंतिणीला सर्दी झाली, डॉक्टरांनी सेटिरिझिन लिहून दिलं, आणि सासूबाई माझ्यासमोर म्हणतात, "दोन दिवस अंगावरचं बंद कर." मी लॅक्टमेड उघडलं. अधूनमधून कमी मात्रेत चालतं, जास्त मात्रा किंवा बरेच दिवस घेतलं तर बाळाला गुंगी येऊ शकते, दूध कमी होऊ शकतं. डॉक्टरांनी रात्रीची एक, तीन दिवस, एवढंच लिहिलं होतं. हे मी सासूबाईंना सांगितलं, सुनेला नाही. सून ऐकूनच होती. 'बाळ फार झोपाळू वाटलं, दूध ओढेना, तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा' हेही जोडलं. असं उत्तर तोंडपाठ देण्याची आमच्या पिढीला खोड आहे. ती मोडायला नेट चांगलं.

परदेशी मजकूर वाचताना नावांचा घोळ ध्यानात ठेव. आपलं पॅरासिटामॉल तिकडे अॅसिटॅमिनोफेन, साल्ब्युटॅमॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. आमच्याकडे दर उन्हाळ्यात न्यू जर्सीला, टेक्सासला लेकाकडे सहा महिने जाणारी आजी-आजोबा मंडळी येतात. औषधं इथूनच भरून नेतात, पण तिकडे इमर्जन्सीत डॉक्टरांना नुसतं आपल्या ब्रँडचं नाव सांगून उपयोग नसतो. मी कागदावर ब्रँड, त्याचं मूळ नाव, तिकडचं नाव आणि मात्रा लिहून देतो. आधी प्रत्येक नाव मूळ ठिकाणी ताडतो. एका आजोबांच्या मुलाने तिकडून व्हिडिओ कॉल करून माझ्याशीच तो कागद तपासला. त्याला वाटलं होतं, दुकानदाराने काहीतरी लिहिलं असेल. राग आला नाही, उलट बरं वाटलं.

बाबांच्या तक्रारीबद्दल. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला आणि मसुदाच राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याविना ऑनलाइन विक्रीवर मनाई केली, तरी धंदा चालू आहे, सवलती चालू आहेत. तुझ्या बाबांचा राग खोटा नाही. वीस-पंचवीस टक्के सूट आमच्या मार्जिनमधून देता येत नाही, गणितच बसत नाही. पण मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनी चिठ्ठी फोटो म्हणून पाठवायची वाट कायद्याने उघडली, ती आपल्यालाही उघडी आहे. माझी अर्धी नेहमीची गिऱ्हाइकं आता चिठ्ठीचा फोटो पाठवतात, पोरगा स्कूटरवर नेऊन देतो. अडचण एकच. कागदाच्या चिठ्ठीवर आपण शिक्का मारतो, फोटोवर कसा मारणार? अल्प्राझोलामचा एकच फोटो तीन दुकानांत फिरलेला मी पाहिला आहे. म्हणून झोपेच्या आणि एच-वनच्या (विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या यादीतल्या) औषधांना मी मूळ कागद हातात घेतल्याशिवाय स्ट्रिप सोडत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यावरून तुटली. तुटू देत.

आता संशोधनाकडे. इथे मला जरा मागचं सांगू दे, कारण तुमच्या पिढीला फरक कळत नाही.

वाळूजला असताना एखादा शोधनिबंध हवा असला की दोन वाटा. एक, लेखकाला छापील पोस्टकार्ड पाठवायचं, कृपया एक प्रत पाठवा, आणि दीड-दोन महिने वाट बघायची. दुसरी, रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचं, माटुंग्याला यूडीसीटीच्या (मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाच्या) ग्रंथालयात केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्सचे, म्हणजे निबंधांच्या सारांशांचे, जाडजूड खंड काढायचे, नोंदी वहीत उतरवायच्या, झेरॉक्सला पैसे मोजायचे आणि रात्रीच्या एसटीने परत. एकदा अशी दोन रात्रींची वारी करून आणलेल्या निबंधात हवं ते कोष्टकच झेरॉक्सवाल्याने अर्धं कापलेलं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं, आमच्या कारखान्यात ते आलं ते साहेबांच्या केबिनमध्ये, कुलपात. १९९७ मध्ये पबमेड, म्हणजे वैद्यकीय निबंधांची नेटवरची सूची, फुकट झालं. पहिल्यांदा बसलो तेव्हा मी जवळजवळ रडलो होतो, हे लिहायला लाज वाटत नाही.

तू फॉर्म्युलेशनला गेलीस तर अमेरिकेच्या एफडीएच्या दोन गोष्टी रोज लागतील. एक, डिझोल्यूशन पद्धतींचा साठा. औषधाचं नाव घातलं की पॅडल की बास्केट, मिनिटाला किती फेरे, कुठलं द्रावण, किती मिलिलिटर, कितव्या मिनिटाला नमुना काढायचा, सगळं येतं. आम्ही हे चाचपडत शोधायला महिने घालवायचो. दुसरी, औषधांतल्या निष्क्रिय घटकांची यादी. एखादा घटक आधी मंजूर झालेल्या औषधांत कुठल्या मार्गाने, जास्तीत जास्त किती वापरला गेलाय हे तीत दिसतं. नवी मुलं इथेच फसतात. तोंडाने घ्यायच्या गोळीतला आकडा बघतात आणि इंजेक्शनला लावतात. यादीत 'मार्ग' हा रकाना आहे, तो पहिल्यांदा वाचायचा. आणि कंटाळा आला की त्याच संकेतस्थळावरची कारखान्यांना पाठवलेली ताकीदपत्रं वाच. नोंदवहीत मागाहून आकडे कसे घातले, चाचणीचे नकोसे निकाल कसे पुसले, हे वाचताना अंगावर काटा येतो. दर्जानियंत्रणाचा याहून चांगला वर्ग मी घेतलेला नाही.

पेटंटचं एक उदाहरण तुला माहीत असेलच, हळदीचं. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेने, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक होते, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. गोष्ट सांगताना लोक अभिमानावर थांबतात. मला त्यातलं कारकुनी काम आवडतं. 'आमची आजी हळद लावायची' हे तिकडे चाललं नसतं. छापील पुरावा हवा होता. शोधाशोध करून ३२ संदर्भ काढले, त्यात १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंधही होता. पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथालय प्रकल्प झाला तो याच धड्यातून. जुन्या ग्रंथांतले योग परदेशी भाषांत आणून पेटंट तपासनिसाच्या टेबलावर ठेवायचे, म्हणजे तो पेटंट देण्याआधीच ताडून बघेल.

कागद मिळणं सोपं झालं, पण सगळ्यांना सारखं नाही. 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, सुमारे १३,००० नियतकालिकं. छान आहे. पण ही सोय केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी, आणि आपल्याकडची बहुतेक फार्मसी कॉलेजं खासगी. एम.फार्म.ला प्रवेश घेताना वसतिगृहाचं जेवण विचारतेस तसं हेही विचार: कुठली नियतकालिकं उघडतात? ग्रंथपालाला समोर बसवून उघडून बघ.

आणि छापून आलं म्हणजे खरं, हेही सोड. कोविडच्या पहिल्या लाटेत मी याची दोन्ही टोकं बघितली. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडवर चालतं अशी बातमी पसरली आणि दुकानासमोर रांग. धडधाकट माणसं दहा-दहा स्ट्रिपा मागत होती, आणि संधिवाताच्या, ल्यूपसच्या ज्या बायका वर्षानुवर्षं ती गोळी घेत होत्या त्यांना द्यायला माझ्याकडे नव्हती. २६ मार्चला सरकारने ती एच-वनच्या अटींखाली आणली तेव्हा जरा श्वास मिळाला. मग २२ मे ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला, ९६,००० रुग्णांची माहिती, निष्कर्ष असा की या गोळीने मृत्यू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला तो भाग थांबवला. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला, कारण मूळ माहिती तपासायला कुणालाच मिळेना. तेरा दिवस! त्या तेरा दिवसांत तो निबंध मी स्वतः दोन डॉक्टरांना पाठवला होता. मागे घेतल्याची बातमी मात्र पाठवायला आठवडा लावला. ते मला अजून टोचतं. तेव्हापासून कुठलाही निबंध उतरवण्याआधी पबमेडवर त्याच्या डोक्यावर 'मागे घेतला' अशी पट्टी आहे का, ते बघतो.

हल्ली विचारलं की उत्तर तयार करून देणारी एआयची साधनं आली आहेत. माझा मुलगा वापरतो, मीही वापरून पाहिली. इंग्रजी पत्र नीट करायला झकास. एकदा एका जुन्या फिटच्या औषधाची मूत्रपिंडाच्या रुग्णातली मात्रा विचारली. उत्तर अस्खलित, खाली दोन संदर्भ. पबमेडवर शोधले तर एक निबंध अस्तित्वातच नाही आणि दुसरा उंदरांवरचा. त्यामुळे ही साधनं म्हणजे काउंटरवर नवीन लागलेला चुणचुणीत पोरगा समज. रॅकवरून पटकन काढून देईल. पण गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी स्ट्रिप तू वाचायचीस.

दुकान की संशोधन, हे मी ठरवणार नाही, बाबांशी बोल. परीक्षेनंतर महिना-दोन महिने दुकानात बसणारच असशील तर पहिल्या आठवड्यात एवढं कर. सीडीएससीओची शेवटच्या तीन महिन्यांची यादी छापून घे आणि लहान मुलांच्या सिरपच्या रॅकपासून सुरुवात कर. मग मिरगी, मग रक्त पातळ करणारी, मग बाकीचं. बाबा म्हणतील, धुळीत कशाला हात घालतेस. घाल. आणि काही जुळलं तर मला नुसतं औषधाचं नाव कळवू नकोस, स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. बॅच नंबर दिसला पाहिजे.